पुढच्या अंकाची माणसं

माणूस चंद्रावर उतरला त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी मराठी वाचक तिकडे जायला निघाला होता. १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावानं येऊ लागलं. मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये. त्यांनी १८८६ साली हे मासिक काढलं ते पुण्यामुंबईत राहून नव्हे, कोचीनला राहून. भोवती मल्याळम बोलणारी माणसं, समोर समुद्र, आणि या गृहस्थांच्या डोक्यात मात्र आपल्या मराठी वाचकाला पुढच्या महिन्यात काय द्यायचं याचा घोर. मला अशा माणसांविषयी फार जिव्हाळा आहे. एखादी गोष्ट वाचून आवडली की आपण पुस्तक मिटतो आणि दिवा मालवतो. या माणसांना झोप येत नाही. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या हातात पडेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. मग ती मासिक काढतात.

मराठीत या जातीचा माझ्या लेखी सर्वांत मोठा माणूस म्हणजे भा. रा. भागवत. फास्टर फेणेचे जन्मदाते म्हणून त्यांना घराघरांत ओळखतात, आणि ते योग्यच आहे. फुरसुंगीचा तो काटकुळा बनेश, त्याची सायकल आणि तोंडातला तो ‘ट्टॉक्’ माझ्या पिढीच्या रक्तात आहे. पण भागवतांकडे मी नेहमी दुसऱ्या बाजूनं बघते. ते आधी वाचक होते. ज्यूल व्हर्नवर जीव टाकणारे वाचक. आणि हे प्रेम त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. होळकरांच्या त्या शहरात मराठी घरं पिढ्यानपिढ्या नांदत होती. पुढे त्यांनी दिल्लीला आकाशवाणीत नोकरी धरली. सरकारी नोकरी, तीही राजधानीतली, म्हणजे त्या काळात आयुष्य मार्गी लागल्यासारखंच. १९४२ ची चळवळ आली आणि त्यांनी ती नोकरी सोडली. तुरुंगवासही भोगला. स्वातंत्र्यानंतर अशा माणसानं एखाद्या वर्तमानपत्रात स्थिर व्हावं, जुन्या दिवसांच्या आठवणी लिहाव्यात, अशी कोणाचीही अपेक्षा असती. भागवतांनी १९५१ साली मुलांसाठी मासिक काढलं. नाव ‘बालमित्र’. याच नावाचं पुस्तक सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ साली मुलांच्या हाती दिलं होतं. मराठी मुलांसाठी लिहिण्याची वाट तिथपासूनची.

या कामात त्यांच्याबरोबर लीलावती भागवत होत्या. त्या स्वतः मुलांसाठी लिहिणाऱ्या, मुंबई आकाशवाणीवरच्या ‘वनिता मंडळ’मुळे महाराष्ट्रभरच्या बायकांना आवाजानं ओळखीच्या असलेल्या. नवराबायको दोघंही लिहिणारी आणि घरातून मासिक निघतंय, हे चित्र लांबून फार गोड दिसतं. जवळून ते कसं असतं, हे ज्यांनी असं काही चालवलंय त्यांना विचारावं. महिन्याची वीस तारीख आली की छापखान्याचा निरोप येतो, मजकूर कमी पडतोय. मजकूर पुरला तर कागद महागलेला असतो. खिळे जुळवणाऱ्यानं ‘ध’चा ‘घ’ केलेला असतो आणि ते प्रूफ रात्री कंदिलाशी धरून वाचावं लागतं. अंक छापून आला की घरातली सगळी माणसं, आलागेला पाहुणासुद्धा, खाली बसून अंकांना कागदी पट्ट्या गुंडाळतात, पत्ते लिहितात, तिकिटं चिकटवतात. वर्गणीदाराकडे पाठवलेली व्ही.पी. न सोडवता परत आली की टपालखर्च अंगावर पडतो. मुलांच्या मासिकाची तर आणखी एक अडचण असते. त्याचा वाचक एक आणि पैसे देणारा दुसरा. मुलाला हवं असतं, बापाला परवडत नसतं. शिवाय वाचक वयानं मोठा होतो आणि मासिक सोडून जातो. जितकं मासिक चांगलं तितका तो लवकर मोठा होतो, असंही मला वाटतं.

‘बालमित्र’ सातेक वर्षं चाललं आणि थांबलं. सात वर्षं ऐकायला कमी वाटतात. महिन्याला एक असा अंक काढून बघितला म्हणजे ती किती लांब असतात ते कळतं.

ती वर्षं आमच्या भागासाठी कोणती होती, ते आठवलं की मला थांबावंच लागतं. आमचं मराठवाड्यातलं सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं आणि परभणी हैदराबाद राज्यात. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली. त्याआधी कचेरीचा कारभार उर्दूत, मोठं शिक्षण उर्दूत. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही त्या काळाला ‘मोगलाई’ म्हणतात. माझे आजोबा त्या काळात शिकले. त्यांची सही उर्दूत सुरेख यायची, जमिनीचे उर्दूतले कागद त्यांना वाचता यायचे, आणि मराठी मात्र त्यांनी पोथीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत मिळवलेलं. १९५१ साली पुण्यामुंबईच्या मुलाच्या हातात ‘बालमित्र’ पडत होतं तेव्हा आमच्याकडच्या मुलाला मराठी शाळाच नुकती कुठे मोकळेपणानं मिळू लागली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि साधारण वर्षभरात ‘बालमित्र’चा संसार आटोपला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात तुटतं. आमची मुलं वाचायला तयार झाली आणि अंक संपले होते.

पण मासिक बंद झालं म्हणून तो माणूस बंद झाला नाही. अंकांतून जे करायचं ते त्यांनी पुस्तकांतून करायचं ठरवलं असावं, कारण पुढची तीन दशकं ते थांबलेच नाहीत. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलाच्या आवाक्यात येतील अशा करून त्यांनी एकामागून एक दिल्या. ‘उडती छबकडी’सारखी स्वतःच्या कल्पनेतली विज्ञानकथाही लिहिली. सत्तरच्या दशकापासून फास्टर फेणेची पुस्तकं येत राहिली आणि ती आमच्यापर्यंत पोचली. हिंगोलीचा कोणी एसटीनं येताना आणायचा, कोणाचा तरी पुण्याचा भाऊ सुट्टीत आणायचा. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं ‘किशोर’ शाळेत यायचं आणि त्याच्या पानांना आमच्या बोटांचं तेल लागलेलं असायचं. पुस्तकं हातोहात फिरायची. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ची जी प्रत मला मिळाली तिला पहिली काही पानं नव्हती. म्हणजे धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो, ती मुख्य घटनाच माझ्या वाचनात नव्हती. माणसं अवकाशात फिरतायत आणि त्यांनाही ते ठाऊक नाही, मलाही ठाऊक नाही. सूर्य उलट्या बाजूनं उगवतोय, पाणी लवकर उकळतंय, उडी मारली की माणूस उंच जातोय. त्या पुस्तकातल्या माणसांबरोबर मीही कोडं सोडवत होते. त्याच्यासारखं वाचन मला पुन्हा मिळालं नाही.

‘चंद्रावर स्वारी’ मी आजोबांना वाचून दाखवायचे. रात्री ओसरीवर, जेवणं झाल्यावर. आजोबा नरसीच्या नामदेवांचे भक्त. नरसी आमच्यापासून जवळच, कयाधूच्या काठी. नामदेवांचं कीर्तन देवळासमोर होऊ देईनात म्हणून ते मागे जाऊन बसले आणि औंढ्याचं नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही कथा त्यांनी मला कितीदा सांगितली असेल. त्यांना तिच्यात काहीही विचारावंसं वाटत नसे. देऊळ फिरलं, झालं. डोळे भरून येत आणि हात जोडले जात. पण तेच आजोबा व्हर्नच्या तोफेपाशी आल्यावर अडले. नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत उभी पुरलेली, तिच्यात पोकळ गोळा, गोळ्यात तीन माणसं, आणि बत्ती दिली की गोळा थेट चंद्राकडे. मी पुढे वाचायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“थांब माय. मंग ती माणसं आतल्या आत पिचली कामून नाहीत?”

मी सांगितलं, खाली पाणी ठेवलं होतं, धक्का बसू नये म्हणून.

“पाण्यानं काय होतंय? बैलगाडी खड्ड्यात आदळली तर मणके हालत्यात. ही तर तोफ हाय.”

पुढे पदवीला गणित घेतल्यावर मी ते मांडून पाहिलं. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग लागतो. तो नऊशे फुटांत गाठायचा तर आतल्या माणसावर पृथ्वीच्या ओढीच्या वीस हजार पटींहून जास्त दाब येतो. पाण्याचा थर असो की गाद्यांचा, पिचण्याखेरीज दुसरं काही होणार नाही. आजोबांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांनी ते बैलगाडीवरून काढलं होतं.

याच प्रसंगानं मला विज्ञानकथेचं मोल कळलं. नामदेवांच्या कथेपुढे आजोबा नतमस्तक होत, व्हर्नच्या कथेशी ते भांडत. ही दोन्ही आश्चर्यंच, आणि एक खरं नि दुसरं खोटं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या प्रकारचं आश्चर्य श्रोत्याला बोलायला लावतं. ते त्याला म्हणतं, हे असं घडलं, आता सांग कसं घडलं असेल. सातबारा आणि पोथी यांपलीकडे कागद न पाहिलेल्या शेतकऱ्याला एका फ्रेंच लेखकाची चूक सापडावी, ही ताकद त्या प्रकारच्या गोष्टीत आहे. मात्र ती गोष्ट त्याच्या ओसरीवर त्याच्या भाषेत पोचायला हवी. व्हर्ननं १८६५ साली लिहिलेली कादंबरी सेनगावच्या ओसरीवर आली, ती इंदूरला जन्मलेल्या एका माणसाला एकट्यानं वाचून चैन पडलं नाही म्हणून.

अशी माणसं सगळीकडे झाली. इंग्लंडमध्ये नुनीटन नावाचं छोटं गाव आहे. तिथं मॉरिस हॅन्सन नावाच्या विज्ञानकथावेड्या तरुणानं १९३६ मध्ये मित्रांबरोबर ‘नोव्हे टेरे’ नावाचा अंक काढला. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी ब्रिटनमध्ये काढलेला हा पहिला हौशी अंक. स्टेन्सिल कापायची, यंत्र फिरवायचं, पानं टाचायची आणि टपालानं पाठवायची. नफ्यातोट्याचा हिशेब करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आर्थर सी. क्लार्क तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा कारकून, तोही या मंडळींत होता. लंडनच्या ग्रेज इन रोडवर हॅन्सन, क्लार्क आणि विल्यम टेंपल एकाच बिऱ्हाडात राहायचे. त्याच सुमारास वॉल्टर गिलिंग्ज इल्फर्डमध्ये असाच एक अंक काढत होता, आणि ‘टेल्स ऑफ वंडर’ हे विज्ञानकथांचं मासिकही त्याच्याच हाती होतं. ३ जानेवारी १९३७ ला लीड्स शहरात चाहत्यांची परिषद भरली. मूठभर माणसं होती. यांच्यातलेच काही ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीत होते आणि युद्धाच्या तोंडावर, १९३९ पर्यंत, चंद्रावर जाणाऱ्या यानाचा आराखडा काढत बसले होते. लोक त्यांना खुळे म्हणत असणार. तीस वर्षांनी यान गेलं, फ्लोरिडातूनच गेलं, त्यात तीनच माणसं होती, आणि परत येताना ती पॅसिफिकमध्येच उतरली. व्हर्नच्या गोष्टीतल्यासारखीच. भागवत तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. त्या जुलैच्या रात्री रेडिओपाशी बसून त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

हॅन्सनचा अंक पुढे जॉन कार्नेलकडे गेला. त्यानं त्याचं नाव ‘न्यू वर्ल्ड्‌स’ केलं, आणि युद्धानंतर १९४६ मध्ये त्याच नावाचं रीतसर मासिक निघालं. पुढे कित्येक दशकं इंग्रजी विज्ञानकथेतले मोठमोठे लेखक त्यातून पुढे आले. हे वाचताना मला हेवा वाटतो. नुनीटनचा अंक हातातून हातात गेला आणि जगला. आपल्याकडे बहुतेक वेळा मासिक त्याच्या माणसाबरोबर थकतं. अनंत अंतरकरांचं ‘नवल’ मात्र चिवट निघालं. ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ चालवता चालवता त्यांनी गूढ, अद्भुत आणि विज्ञानकथेसाठी आणखी एक वेगळं घर बांधलं, आणि १९६६ मध्ये ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी ते सांभाळलं. त्या घराविषयी खरं तर सविस्तर लिहायला हवं. इथं नुसता नमस्कार करून पुढे जाते, कारण मला शेवटी आणखी एका अंकापाशी पोचायचंय, आणि तिथली वाट एका स्पर्धेवरून जाते.

मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ साली त्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप नावाचं कोणी नाहीच. नावाची आद्याक्षरं उलटी लावली की जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम करून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेला, देशभर नाव झालेला शास्त्रज्ञ. परीक्षकांनी नावाकडे पाहून निकाल देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, आणि अक्षरावरूनही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या हातानं उतरवून काढली. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. मला यातला सगळ्यांत प्रिय भाग कुठला? जगभरच्या नियतकालिकांत शोधनिबंध छापून येणाऱ्या माणसाला एका छोट्या मराठी संस्थेच्या स्पर्धेत उतरावंसं वाटलं, आणि तेही साध्या वाचकासारखं, रांगेत उभं राहून. आणि ती रांग, ती स्पर्धा अगोदर कोणीतरी चालवत होतं. जगतापांचं पाकीट फोडायला कोणी तिथं नसतंच, तर कथा कुठे गेली असती?

नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी केली. तिथं संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गुरुत्वीय लहरींवर काम करत राहिले. या लहरी पकडायच्या कशा, गोंगाटातून त्यांचा बारीक सूर वेगळा काढायचा कसा, याचं गणित. त्या लहरी अजून कोणीही ऐकलेल्या नव्हत्या, तरी ते काम वर्षानुवर्षं चालू होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरं, एक सूर्याच्या सुमारे ३६ पट जड आणि दुसरं २९ पट, एकमेकांत मिसळली होती, आणि त्या मिसळण्यातून निघालेला थरथराट सुमारे एकशे तीस कोटी वर्षं प्रवास करून पृथ्वीवर पोचला होता. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत त्यानं जो फरक पडला तो प्रोटॉनहूनही शेकडो पटींनी लहान. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी जगाला कळली आणि त्याच महिन्यात भारतातल्या अशाच वेधशाळेला केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले.

जागा ठरली आमच्या हिंगोली जिल्ह्यात. औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याला.

ज्या औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं त्याच्या पंचक्रोशीत कृष्णविवरांची चाहूल घेणारं यंत्र बसणार आहे. आजोबा असते तर त्यांनी हात जोडले असते की हात वर करून मला थांबवलं असतं, मी सांगू शकत नाही. मला वाटतं दोन्ही केलं असतं.

बातमी आली तेव्हा गावात वेगवेगळं बोललं गेलं. जमिनीला भाव येईल का, पोरांना नोकऱ्या लागतील का, रस्ता होईल का. हे प्रश्न बरोबरच आहेत. सोयाबीनचा भाव पडलेल्या माणसानं दुसरं काय विचारावं? पण मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांनी जे विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. कृष्णविवर म्हणजे विहीर का? तिथं आवाज असतो तर हवा असते का? आवाज नसतो तर ‘ऐकलं’ कामून म्हणतात? २०२४ मध्ये जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले तेव्हा एका मुलीनं विचारलं, हे यंत्र तेव्हा असतं तर ते घाबरलं असतं का. या प्रश्नांना पाठ्यपुस्तकात उत्तर मिळत नाही, कारण पाठ्यपुस्तक प्रश्नाची वाट बघत नाही. गोष्ट बघते. यंत्र दुधाळ्याला आलं आणि मुलांच्या भाषेत त्याची गोष्टच नसली, तर ते यंत्र त्यांच्यासाठी कुंपणापलीकडची एक पांढरी इमारत होऊन राहील. मला ही भीती आहे आणि ती मी लपवत नाही. शास्त्रज्ञ येतील, अभियंते येतील, ते त्यांचं काम चोख करतील. पण भागवतांचं काम कोण करणार?

म्हणून आम्ही हस्तलिखित काढतो. आपल्याकडे शाळाशाळांतून हस्तलिखिताची जुनी रीत आहे. वळणदार अक्षराचा एक मुलगा, चित्रं काढणारी एक मुलगी, वर पुठ्ठा, रंगीत कागदाचं वेष्टन, आणि स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. बहुतेक ठिकाणी तिथंच ते संपतं. अंक कपाटात जातो. आम्ही ठरवलं की आमचा अंक कपाटात जायचा नाही. त्याची झेरॉक्स काढायची आणि गावोगाव पाठवायची, ज्याच्या त्याच्या मामाकडे, आत्याकडे, जिंतूरला, रिसोडला, येलदरीच्या बाजूच्या वस्त्यांवर. वाचून झाला की दुसऱ्याला द्यायचा, असं मुखपृष्ठावरच लिहिलंय. फास्टर फेणे मुलांना अजून आवडतो. २०१७ चा चित्रपट त्यांनी मोबाईलवर पाहिलाय आणि त्यात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भागवत त्यांना ओळखीचे आजोबा वाटतात. मी त्यांना सांगते, ते खरे होते. ते अंकही काढायचे. २००१ मध्ये एक्क्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले आणि जाईपर्यंत मुलांचे लेखक म्हणूनच राहिले. भागवतांचं बंद पडलेलं मासिक मी मुलांपासून लपवत नाही. अंक बंद पडतात, हे त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

या खेपेच्या अंकातली मुख्य गोष्ट सातवीतल्या एका मुलीची आहे. तिच्या घरी हळद होते. आमच्या जिल्ह्यात हळद म्हणजे उकळणं, वाळवणं आणि मग पॉलिशच्या ड्रमची दिवसदिवस चालणारी घरघर. गोष्टीत वेधशाळा सुरू झालीय. आकाशातून काहीतरी फार लांबचं येतंय, सूर फार बारीक आहे, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शेतात पॉलिशचा ड्रम चालू आहे. यंत्राला ड्रमच ऐकू येतो. शास्त्रज्ञ बाई धावत शेताच्या बांधावर येतात आणि म्हणतात, दादा, थोडा वेळ थांबवा. शेतकरी म्हणतो, ड्रम भाड्याचा आहे, तासावर पैसे लागतात, आणि आभाळ भरून आलंय. इथवर गोष्ट झालीय. पुढे काय, यावर संपादक मंडळात वाद आहे. निम्म्यांचं म्हणणं, शेतकऱ्यानं थांबवावं. उरलेल्यांचं म्हणणं, कामून थांबवावं, त्यापेक्षा ड्रमचा आवाज किती आहे ते मोजून यंत्रानं तो वजा करावा. हे दुसरं म्हणणं ऐकून मी चकित झाले, कारण धुरंधरांनी आयुष्यभर जे गणित केलं त्याच्या अगदी शेजारी ते येतं. आणि मुलांना ते कोणी शिकवलेलं नव्हतं.

लेखिकेला अजून दोन्ही शेवट पटलेले नाहीत. तिला शेतकऱ्याला बाईंच्या बरोबर आत नेऊन तो सूर ऐकवायचाय, पण आत गेल्यावर तो काय म्हणेल ते तिला सुचत नाही. म्हणून मंडळानं गोष्ट ‘क्रमशः’ म्हणून छापायचं ठरवलंय आणि वाचकांकडून शेवट मागवलेत. पाठवायची मुदत सोयाबीनची काढणी उरकेपर्यंत ठेवलीय, कारण तोवर निम्मी मुलं रानात असतात. शेवट पोस्टकार्डावर लिहून पाठवला तरी चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल, आणि खरं नाव द्यायचं नसेल त्यानं दुसरं कुठलंही नाव घातलं तरी चालेल, अशी सूचना मुलांनी शेवटच्या पानावर स्वतःहून टाकली आहे.